चंद्रावतीबाईंचं फडकं

चंद्रावतीबाईंना स्वस्थ बसवत नाही. हमरापुरात आमच्या आळीत हे सगळ्यांना ठाऊक आहे, त्यांच्या सुनेला जरा जास्तच. घरच्या मूर्तींच्या कारखान्यात गणपतीच्या डोळ्यांची आखणी त्या लग्न होऊन आल्यापासून करतात. सून दिपिकाने डोळे आखले, की या ओलं फडकं घेऊन मागे हजर. "चकना झालाय गो!" म्हणायचं, पुसायचं आणि स्वतः आखायचं. यंदा दिपिकाने शांतपणे सांगून टाकलं, "आई, या हंगामात माझी आखणी पुसलीत तर मी रोह्याच्या कंपनीत कामाला जाईन."

अशात बाईंची भाची समीक्षा आली. कॉलेजात मानसशास्त्र शिकते, तिला कसलासा प्रयोग करायचा होता. तिने दोन मूर्ती पुढे ठेवल्या. "आत्या, ही तुझी, ही वहिनीची. कशा वाटतात?"

"त्यात काय बघायचाय? हिचा डावा बघ, नाकाकडं पलतोय!" समीक्षा थांब म्हणेपर्यंत बाईंनी डोळा पुसलासुद्धा.

पोरीचा चेहरा उतरला. "आत्या, दोन्ही तूच आखलेल्या. मी एकीला नुसतं वहिनीचं नाव दिलं. आधी नाव कानावर पडलं, की डोळ्यांना तसंच दिसायला लागतं. तेवढंच बघायचं होतं."

कोपऱ्यात रंग कालवणारी दिपिका हसली नाही. तेच बाईंना लागलं असावं.

मग दुपारभर आत-बाहेर, आत-बाहेर. चहा उतू गेला. मूर्ती फिरवून फिरवून पाहिल्या. मला शेजारून हाक मारून विचारलं, "हा कुनी आखलाय गो?" मी म्हटलं, मला काय ठाऊक, मला सगळे गणपती सारखे. अशा भडकल्या! मला कीव आली आणि संतापही. दिपिकाने आखलेले किती चांगले डोळे पुसले गेले असतील!

संध्याकाळी त्यांनी तीच पुसलेली मूर्ती दिपिकापुढे ठेवली, "आख" म्हणाल्या आणि पाठ करून बसल्या. बसल्या म्हणजे काय, पाय हलतच होता.

"झालं, आई. बघा."

बाई वळल्या. खूप वेळ पाहत राहिल्या. डोळे भरले.

"मना अजून चकनाच दिसतोय गो," म्हणत त्यांनी फडकं सुनेच्या हातात कोंबलं. "ह्या तुज्याकडं ठेव. मी मागितला तरी देऊ नको."

दिपिकाने ते कमरेला खोचलं आणि पुढची मूर्ती ओढली.