किसन त्या दुपारी कुठे होता

किसन गेला हे त्याच्या मुलीने, सुनीताने, दुकानात येऊन सांगितलं. मी एका पँटची उंची कमी करत होतो. "मास्तरकाका, आबा गेले," एवढंच म्हणाली, आणि मी मशीन थांबवायचं सोडून ती शिलाई पुरी केली. त्याला महिना झाला. माझी शाळा तिसरीपर्यंत. तरी हे दुसऱ्याकडून लिहून घेणार नाही.

नारायण पेठेत माझं शिलाईचं दुकान. किसन तीस वर्षं माझ्याकडे काजं-बटणं करायचा. जातीने पारधी, त्यामुळे कुठे चोरी झाली की पोलीस आधी याला शोधणार. म्हणून तो ऐन उन्हातसुद्धा दाराशी बसायचा. मी म्हणायचो, "आत ये की रे." तर म्हणे, "आत बसलो तर मला बघितलं असं कोण सांगणार, मास्तर?"

एकदा मागच्या गल्लीत भरदुपारी घरफोडी झाली. दुसऱ्या दिवशी हवालदार आला. "ए शिंप्या, हा काल दुपारी कुठं होता?" शिंप्या! अख्खी पेठ मला मास्तर म्हणते. मी मान वर न करता म्हणालो, "मी काय याचा पहारेकरी आहे?" किसनने माझ्याकडे एकदाच पाहिलं... आणि हवालदार त्याला घेऊन गेला. संध्याकाळी चौकीवर जाऊन सांगावं म्हणून मी चपला घातल्या, परत काढल्या. म्हटलं, मला गरज नाही, बोलवतील तेव्हा जाईन. कोणी बोलावलं नाही. चार दिवसांनी खरा चोर सापडला तेव्हा किसनला सोडलं. त्याच्या उजव्या हाताची दोन बोटं पुन्हा वळली नाहीत. काजं तो डाव्या हाताने शिकला. त्यावर आम्ही कधीच बोललो नाही.

दोन वर्षांपूर्वी सिनेमावाले आले. पारध्याच्या पोराला कोठडीत मारतात, अशी गोष्ट होती आणि पोलिसांचे कपडे माझ्याकडे शिवायला टाकले. हवालदाराचं काम करणारा नट किसनच्याच अंगाचा, म्हणून माप बघायला खाकी किसनला घातली. समोरचा पानवाला ओरडला, "साहेब, पान लावू का? फुकट!" सगळे हसले. किसन भराभर बटणं काढत म्हणाला, "उतरवतो, मास्तर. चावतंय."

सिनेमा लागला तेव्हा आम्ही दोघं कोथरूडला बघायला गेलो. त्यात एक वाणी आहे. चोरीच्या वेळी त्या पोराला त्याने आपल्या दुकानात बघितलेलं असतं, पण बोलत नाही. मला खुर्चीत बसवेना आणि उठताही येईना. मधल्या जागेत बसलेलो, दोन्हीकडे माणसं, उठायचं तर किसनच्या गुडघ्यांवरून जायला हवं. बाहेर बसथांब्यावर तोच म्हणाला, "तो वाणी वाईट नव्हता, मास्तर. त्याला कुणी धड विचारलंच नाही." माझ्या तोंडापर्यंत आलं होतं. तेवढ्यात स्वारगेटची बस आली. "जा, तुझी बस आली," म्हणालो. गाडी भरलेली होती. तो दारात लटकून गेला.

आता धड विचारणारं कोणी उरलं नाही, आणि दुकानात बसलं की डोळे दाराकडेच जातात. म्हणून न विचारता लिहितो. त्या दिवशी किसन सकाळपासून दिवेलागणीपर्यंत माझ्या दुकानात होता. जेवायला उठला तोही माझ्यासोबत, माझ्याच डब्यातलं खाल्लं. हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे. शिंप्या म्हणून विचारलं होतं, तरी सांगता आलं असतं.