घरच्या दोन ओळी

धारूरला माझं खता-औषधांचं दुकान आहे. इतकी वर्षं काउंटरवर बसलं की किस्से बाटल्यांपेक्षा जास्त साठतात. मित्र जमले की सांगतो, सगळे पोट धरून हसतात. हल्ली सांगताना मला मात्र लाज वाटते.

*

आमचं जुनं गिऱ्हाईक म्हणजे किसनराव. काकडीवर फवारायचं औषध न्यायला आले. मी डोस सांगितला, "पंपाला एक झाकण."

"दोन टाकतो, मालक. एक तुमच्या नावानं!"

मी हसलो. अडवलं नाही.

*

पुढच्या खेपेला त्यांना लेबलच वाचून दाखवलं. फवारल्यावर आठ दिवस तोडणी करू नका!

"आठ दिवसांत काकडीचा भोपळा होतोय की! अन् बाजार तर परवा हाय."

"बघा बुवा," म्हणालो आणि बाटली पिशवीत घातली. सांगायचं काम आपण केलं, असं तेव्हा वाटलं होतं.

*

एका शेतकऱ्यानं प्रेमानं फुलकोबीचे दोन गड्डे घरी पाठवले. बायकोनं ते मिठाच्या पाण्यात बुडवले. तासाभरानं पाणी बदलून पुन्हा बुडवले.

"एवढं कशाला?" मी विचारलं.

"तुमचंच गिऱ्हाईक हाय ना ते?"

*

एकदा किसनरावांच्या रानात गेलो. सगळ्या वेलांवर औषधाचे पांढरे डाग, कडेच्या दोन ओळी तेवढ्या स्वच्छ.

"ह्या फवारायच्या राहिल्या वाटतं?"

"राहिल्या न्हाईत. त्या घरच्या हायेत. लेकरं खात्यात!"

हा किस्सा मी दुकानात लई रंगवून सांगितला. सगळ्यात मोठ्यानं मीच हसलो होतो.

*

यंदा लेक बाळंतपणाला आली. तिला काकडी खावीशी वाटली. आठवडी बाजारात गेलो, तर ज्या ढिगापाशी थांबावं तिथं माझीच बाटली आठवायची. रिकामी पिशवी घेऊन नुसता फिरत होतो.

एका ढिगामागून किसनरावांनी हाक मारली. लेक आल्याचं त्यांना दुकानात कळलं होतं. पोत्याखालून फडक्यात बांधलेल्या काकड्या काढल्या आणि हळूच म्हणाले, "लेकीसाठी. घरच्या हायेत."

मागं एक बाई उभी होती, कडेवर लेकरू. मला ओळखून म्हणाली, "औषधाचे दुकानवाले घेत्यात म्हंजी माल चांगलाच असंल! मला बी त्यातल्याच द्या, अर्धा किलो."

किसनरावांनी माझ्याकडं पाहिलं. मी पिशवीचं तोंड आवळलं.

"घे की, माय," म्हणत त्यांनी समोरच्या ढिगात हात घातला.

तिनं त्यातली एक काकडी पदराला पुसली आणि लेकराच्या हातात दिली.