अपरिचित उतारा

पहिल्या वर्षी रंभाला तिच्या ओठांनीच बुडवलं.

चौपन्न सालची गोष्ट. चांद्याला मास्तरणींच्या ट्रेनिंगची प्रवेश परीक्षा होती. गणित तिनं नीट सोडवलं, निबंधही बरा झाला. मग आला ‘अपरिचित उतारा’, म्हणजे कधी न पाहिलेला पानभर मजकूर आणि खाली त्यावरचे प्रश्न. वेळ अर्ध्या तासाचा. रंभा वाचायला लागली तशी शेजारच्या बाकावरची मुलगी वळून बघू लागली. देखरेखीवरच्या बाई जवळ आल्या. “मनात वाचा,” म्हणाल्या. रंभानं ओठ मिटले आणि त्याबरोबर पानावरची अक्षरं मुकी झाली. एक ओळ वाचावी, दुसरीवर जावं, तोवर पहिली पुसून गेलेली. ती पुन्हा वर जाई, पुन्हा खाली येई. कागद गोळा केले तेव्हा तिच्या अर्ध्या प्रश्नांखाली कोरी जागा होती.

तिचं वाचनच मुळात कानातून आत जायचं. लहानपणी ती गावातल्या म्हाताऱ्या पोथीवाल्या बुवाजवळ बसून अक्षरं शिकली, ती त्याच्या चालीवरच. पुढे बुवाचे डोळे गेले आणि श्रावणात पोथी वाचायचं काम रंभाकडे आलं. खणखणीत आवाज होता. आशाबाई, तिची आई, पोरीचा आवाज ऐकत कापसाच्या वाती वळत बसायची आणि शेजारणींकडे अशी बघायची की जणू पोथी तिनंच लिहिली आहे.

घर सिंदेवाहीच्या अलीकडे, उमा नदीच्या काठच्या एका गावात. बाप लटारू धानाची शेती करायचा. रंभाचं लग्न झालं होतं, पण पहिलं लेकरू गेलं आणि नवऱ्यानं दुसरी बायको आणली. रंभा माहेरी राहिली. त्या लेकराविषयी घरात कुणी बोलत नसे. त्याचा पाळणा आशाबाईनं माळ्यावर टाकला होता, आणि माळ्यावरून काही काढायचं झालं तर लटारूच चढायचा.

ट्रेनिंगचं डोक्यात घातलं ते जरीनाबाईंनी. सिंदेवाहीच्या मुलींच्या शाळेत त्या मास्तरीण होत्या. नवरा गफ्फारभाई बाजारात शिलाईचं मशीन चालवायचा. बाजाराच्या दिवशी रंभाला दुकानाच्या पाट्या मोठ्यानं वाचताना त्यांनी ऐकलं आणि थांबवून विचारलं, “किती शिकली तू?” तिथून सगळं सुरू झालं. त्यांनीच तिला घरून सातवीला बसवलं, पास करवलं.

नापासाची बातमी आली तेव्हा लटारूनं फार आरडाओरडा केला नाही. एवढंच म्हणाला, “एक साल आनखी. मंग मी दुसऱ्या घरी पाट लावून देईन. नवरगावचा मानूस इचारून राह्यला.”

आशाबाईला मात्र नीट कळलंच नव्हतं. “काहाले नापास झाली म्हन्ते?”

“उताऱ्यात, माय.”

आशाबाईच्या हातातलं सूप थांबलं. त्यांच्याकडे उतारा एकच. नारळ, लिंबू, भाताचा गोळा, आजाऱ्यावरून ओवाळून तिठ्यावर ठेवायचा तो. रंभानं घाईघाईनं समजावलं, कागदावरचा उतारा वेगळा. आशाबाई “हं” म्हणाली आणि पाखडायला लागली.

जरीनाबाईंनी रंभाला पुन्हा हाताखाली घेतलं. पहिल्याच दिवशी त्यांनी एक चिंचोका तिच्या जिभेवर ठेवला.

“आता वाच. ओठ हालले का हा दातावर वाजन. मले ऐकू आला नाई पाहिजे.”

पंधरा दिवस चिंचोका वाजतच राहिला. गफ्फारभाई मशीनवरून म्हणायचे, “आज फिर घोडा दौडा.” मग हळूहळू आवाज कमी झाला. डोळा ओळीवरून एकटाच चालायला शिकला.

वाचायला बाजारातून आलेल्या पुड्यांचे कागद असत, जुनी वर्तमानपत्रं असत. जरीनाबाई त्यावर प्रश्न काढून द्यायच्या आणि आधी प्रश्नच वाचायला लावायच्या. “बजारात जाताना काय घ्याचं ते घरूनच ठरवून जातो ना आपन? मंग उताऱ्यात बिनकामाची काऊन फिरतेस? काय पाहिजे ते आधी पाहा, मंग आत जा.”

रंभा एखाद्या अवघड शब्दापाशी अडून बसे. पोथीत असं चालत नसे; तिथं प्रत्येक अक्षराला नमस्कार करत पुढं जायचं. जरीनाबाई बोट उचलून पुढच्या ओळीवर ठेवायच्या. “नदीत दगड आला तर पानी काय त्याले फोडत बसते? वळसा दे अन् चाल. मागून आपोआप समजन.”

आणि एक गोष्ट त्या सारखी घोकून घ्यायच्या. एकदा थंडीवरच्या उताऱ्यात रंभानं आपल्या गावची शेकोटी लिहिली, तेव्हा त्यांनी ते खोडून टाकलं. “तुझ्या मनात काय हाय ते कोनी नाई इचारत. उताऱ्यात हाय तेच लिवाचं. तेवढंच.”

घरी वेळ धरायचं काम आशाबाईनं घेतलं. घड्याळ नव्हतंच. ती चुलीवर भाताचा गंज, म्हणजे उभट पातेलं, चढवायची आणि रंभा कागद उघडायची. भात शिजला की आशाबाई पळीनं गंजावर ठोकायची. “झाला वं!” सुरुवातीला रंभाचा भात नेहमीच आधी शिजायचा. आशाबाईला वाटे आपणच जाळ जास्त केला. मग ती लाकूड मागे ओढायची. “असं नोको करू माय,” रंभा चिडायची, “तिथी कोनी लाकूड वढत नाई.” श्रावण लागेतो रंभा भाताच्या पुढे जायला लागली. त्या दिवसांत सडा, सारवण, गोठा, सगळं आशाबाईनं एकटीनं ओढलं, पोरीला कोणी हाक मारली तर परस्पर “अभ्यास करून राह्यली” म्हणून परतवलं.

पण श्रावणात एक विचित्र गोष्ट झाली. बायका जमल्या, रंभानं पोथी उघडली आणि तिचा डोळा तोंडाच्या पुढे पळू लागला. शब्द गाळले जात, चाल तुटे. ओवी अर्ध्यावर सोडून ती पुढच्या ओवीत शिरे. शेजारच्या सोनीबाईनं शेवटी पदर सावरला. “पोरीची वाचा गेली वं, आशा,” म्हणाली, आणि दुसऱ्या दिवशी आली नाही. आठवड्याभरात ओसरी रिकामी झाली. आशाबाई तरीही वाती वळत समोर बसली. “वाच,” म्हणाली. रंभाला वाचवेना.

पुढच्या उन्हाळ्यात जरीनाबाई स्वतः तिच्याबरोबर छोट्या रेल्वेनं चांद्याला गेल्या. वर्गाच्या दारापर्यंत पोचवून म्हणाल्या, “आधी प्रश्न.”

उताऱ्याचा कागद हातात आला. रंभानं शिकवल्याप्रमाणे वरचा मजकूर तळहातानं झाकला आणि खाली बघितलं. गावाचं नाव काय. मुलाला काय झालं होतं. आजी मुलाला कोणाकडे घेऊन गेली. शेवटचा प्रश्न होता: ‘मुलाच्या मृत्यूला कोण जबाबदार? कारण द्या.’

तिचा तळहात तसाच राहिला. वर काय असणार ते तिला झाकलेलं असतानाच कळलं होतं.

तिनं हात काढला. आरोग्यावरचा साधा उतारा होता. कुठल्याशा गावात आईबाप शेतावर गेलेले, मुलाला ताप भरतो, आजी त्याला भगताकडे नेते, भगत उतारा ठेवायला सांगतो, दवाखाना जवळच असतो, मूल दगावतं. शेवटी वाचकांना उपदेश.

रंभाची लेक आठ महिन्यांची होती. श्रावणात तिला घेऊन रंभा माहेरी आली होती. तिथं रंभाला हिवताप आला, आणि मग तो लेकीला आला. रंभा गोधडीखाली कुडकुडत होती, तिला छपरही फिरताना दिसत होतं. उमा दोन्ही काठ सोडून वाहत होती आणि दवाखाना पलीकडे. आशाबाईनं लेकराला पदरात गुंडाळलं आणि गावाच्या टोकाला उतारे सांगणाऱ्या पुजाऱ्याकडे नेलं. परत आली तेव्हा तिच्या केसांतून पाणी गळत होतं. “उतारा ठेवला,” ती रंभाच्या कानाशी म्हणाली, “आता उतरन.” सकाळी लेकरू गार होतं.

बाकावर बसल्या बसल्या रंभाचे ओठ हलायला लागले. तिनं दातांनी ते धरले. मग तिनं पेन उचललं आणि सोपे प्रश्न आधी लिहिले. शेवटच्याला आली. उताऱ्यात आहे तेवढंच. उताऱ्यात नदी नव्हती. आजारी आई नव्हती. तिनं लिहिलं: ‘मुलाच्या मृत्यूला आजी जबाबदार आहे. कारण तिने मुलाला दवाखान्यात न नेता भगताकडे नेले.’ अक्षर चांगलं आलं. वेळ संपायला अजून अवकाश होता. बाकीच्या मुली माना खाली घालून लिहीत होत्या आणि रंभा हात मांडीवर ठेवून ‘आजी’ हा एकच शब्द बघत बसली. खोडावासा वाटला. खोडला नाही.

स्टेशनवर गाडीची वाट बघताना जरीनाबाईंनी विचारलं, “पुरा झाला?”

“झाला. टाइमही उरला.”

“मंग तोंड काऊन उतरलं?”

रंभानं उतारा सांगितला. जरीनाबाई ऐकता ऐकता म्हणाल्या, “मंग आजीच. बरोबर हाय.” आणि बोलता बोलता थांबल्या. रंभाचं लेकरू कसं गेलं ते त्यांना माहीत होतं. त्यांनी डब्याचं झाकण लावलं, पुन्हा काढलं. “मीच तुले म्हटलं होतं,” म्हणाल्या, “मनातलं लिवू नोको.”

“तुमी बरोबरच शिकवलं, बाई.”

गाडी आली तशा दोघी उठल्या.

रंभा पास झाली. जरीनाबाईंनी निरोप धाडला तेव्हा घरची सगळी माणसं बांधीत, म्हणजे धानाच्या खाचरात, होती. रोवणीसाठी धानाची रोपं उपटण्याचं काम चाललं होतं. लटारूनं टोपी काढून चेहरा पुसला, नवरगावच्या माणसाला नाही म्हणून कळवायला कोणाला धाडावं याचाच तो विचार करू लागला, आणि बैल बघायच्या निमित्तानं निघून गेला. चिखलात मायलेकीच उरल्या.

“या साली उतारा कशावर होता?” आशाबाईनं विचारलं.

“असाच. एका लेकराचा.”

“वाचलं?”

“नाई.”

आशाबाई मुठीतल्या रोपांची मुळं पाण्यात धूत होती. धुणं थांबलं नाही. “आजीनं दवाखान्यात नेलं नसन.”

रंभानं पुढची रोपं मुठीत धरून उपटली.

“अन् इचारलं असन, चूक कोनाची.” तिनं पेंढी बांधली. “तू लिवलं ना बराबर? लिवलंच असशीन. म्हनून त पास झाली.”

“माय, त्या उताऱ्यात नदी नोती. पूर नोता.”

“आपल्या इथी होता,” आशाबाई म्हणाली. “पन पूर नसता तरी मी पुजाऱ्याकडंच नेलं असतं, पोरी. मले दुसरं मालूमच नोतं.”

तिनं पेंढी बांधावर फेकली आणि पुढे सरकली. रंभाही तिच्या मागं सरकली. तिला म्हणायचं होतं की तुझी चूक नव्हती. पण ती स्वतः ते शाईनं लिहून आली होती आणि त्याचे गुणही तिला मिळाले होते. संध्याकाळपर्यंत त्यांनी अख्खा वाफा उपटला.

ट्रेनिंग झाल्यावर रंभाला आरमोरीकडच्या जंगलातल्या एका शाळेत नेमलं. तिनं पाट लावला नाही. आशाबाई दिवाळीला यायची, शाळेचं अंगण सारवायची, मुलांना ओरडायची, चार दिवसांनी धानाची काळजी काढून परत जायची. मायलेकींत बाकी सगळ्या गोष्टी निघत, ती निघत नसे. रंभा मुलांना मनात वाचायला शिकवायची, प्रश्न आधी बघायला शिकवायची. तिची मुलं तालुक्याच्या परीक्षेत मागे पडत नसत.

एकदा तपासणीला आलेल्या साहेबांनी पुस्तक उघडलं आणि विचारलं की धड्याखालचा शेवटचा प्रश्न, ‘यात चूक कोणाची?’, मुलांकडून करून का घेतला नाही.

“टाइम पुरला नाही, साहेब,” रंभा म्हणाली आणि पुढचं पान काढून दिलं.