रबरी भोंगा

त्या मोटारवाल्याचा चेहरा मला आठवत नाही. आठवतात ते मागून दिसलेले, मेंदीने तांबडे झालेले केस. पोलीस ॲक्शनच्या आधीचे ते दिवस. आम्ही हिंदू, तो मुसलमान, आणि शहरभर भीती. बायको आणि चार महिन्यांच्या मुलीला सोलापूरला पोहोचवायचं म्हणून चिक्कडपल्लीहून नामपल्ली स्टेशनापर्यंत मी त्याची गाडी केली होती.

धक्के बसले की मुलगी टाहो फोडायची. तो भोंग्याचा रबरी फुगा हळूच दाबायचा, पों. ती नवलाने गप्प व्हायची.

मध्येच त्याने नेहमीचा रस्ता सोडून गाडी गल्लीत घातली.

"ठैरो!" मी ओरडलो.

"उधर गड्ढे हैं साब, बच्ची को लगते," तो म्हणाला.

मी कुठला ऐकतोय! भाडं सीटवर टाकून आम्ही उन्हात चालू लागलो. मुलगी पुन्हा रडायला लागली, आणि मागून आवाज आला, पों. रिकामी गाडी तो आमच्या मागे हळूहळू आणत होता. स्टेशन येईपर्यंत ती रडली की भोंगा वाजायचा.

मी एकदाही वळून पाहिलं नाही. मुलगी मात्र माझ्या खांद्यावरून सारा वेळ त्याच्याकडेच बघत होती.