देवीपुढचे शंख

यंदा घटाची माती लासूर स्टेशनजवळच्या आमच्या रानातून मी आणली. एरवी वडील आणत. यंदा त्यांचं डायलिसिस सुरू होतं. घटातलं धान दाट उगवलं तर हे उठतील, असं आईनं मनाशी धरलं होतं.

माती चाळताना चाळणीत पांढरे, निमुळते शंख उरले. गव्हाच्या दाण्याहून जेमतेम मोठे. तोंडाशी कांद्याच्या पापुद्र्यासारखा पडदा. मला रिकामे वाटले.

"टाकून दे," मी आईला म्हणालो.

"शंख कुणी टाकतं व्हय? आपल्या रानातला हाय." तिनं ते धुतले आणि घटाभोवती मातीत गोल रोवले.

धान चांगलं आलं. मी पट्टी लावली, तर सात सेंटीमीटर भरलं. आईनं हे वडिलांना सांगितलं. ते म्हणाले, "पाणी कमी घाल. देवीला काय तळ्यात बसवायचंय?"

पाचव्या माळेला सकाळी पाहिलं, तर निम्मे कोंब बुडापासून कुरतडलेले. "देवीनं सांगितलं," आई एवढंच म्हणाली.

मी वाकून बघितलं. मातीवर चकाकत्या रेषा होत्या. शंख जागचे हलले होते. एक कोंबाला चिकटलेला, बारीक शिंगं बाहेर काढून. ओल लागली आणि आत झोपलेल्या गोगलगायी जाग्या झाल्या. कारण सापडलं म्हणून मला बरं वाटलं.

"आई, देवीनं काही सांगितलेलं नाही. तुझ्या शंखांनी खाल्लं."

ती त्यांच्याकडं बघत राहिली. "म्हंजी मीच केलं."

गोगलगायी वेचू म्हटलं, तर तिनं हात धरला. बसलेल्या घटातलं काही हलवायचं नाही. उरलेलं धानही गेलं.

दसऱ्याला धानाचा तुरा घरधन्याच्या टोपीत खोवतात. वडिलांनी खाटेवरूनच डोकं पुढं केलं. आईनं शेजारून मूठभर धान मागून आणलं होतं, त्यातलं खोवलं. त्यांनी टोपी काढून तुरा निरखला.

"यात करडई नाय. आपण करडई टाकतो. आपलं कुठंय?"

आई स्वयंपाकघरात निघून गेली.

"यंदा आलं नाही, अण्णा," मी म्हणालो.

त्यांनी तुरा उपसून माझ्या हातात दिला. "ज्यांचं हाय त्यांना देऊन ये."