थंड खोलीचं मशीन कोण बंद पाडतंय

मी सांगितलेलं कुणी खरं धरलं नाही. आज तीच माणसं लग्नात-बारशात भेटली की मला गाठतात आणि म्हणतात, "तानूबाई, ते मशीनचं सांगा की." तेव्हा कुठं गेले होते यांचे कान?

चार माणसं आणि एक मशीन एका खोलीत कोंडली की किस्से साठतातच. फिल्टरवर धूळ साठते तसे. धूळ मी दर शनिवारी झटकायची. किस्से झटकायचं राहून गेलं, म्हणून आज थर एवढा जाड आहे.

आमची सूतगिरणी माधवनगरच्या पलीकडं. बहात्तरचा दुष्काळ सरल्यावर तिथं टेस्टिंग रूम बांधली. सूत दमट हवेत जड होतं, कोरड्या हवेत हलकं आणि कच्चं होतं. म्हणून ते तपासायची खोली बारा महिने एकसारखी ठेवायची, उन्हाळ्यात गार आणि थंडीत ऊबदार. त्यासाठी पुण्याहून मशीन आणलं. पॅकेज युनिट म्हणायचे त्याला. दिसायला लोखंडी कपाट. गार करायचं, तापवायचं, हवा फेकायची, सगळं त्या एका कपाटात.

त्या खोलीची झाडलोट आणि फिल्टर माझ्याकडं आले. त्याआधी नऊ वर्षं मी कापूस पिंजायच्या खात्यात होते. तिथला भुगा नाकातोंडात जाऊन छातीची पार शिट्टी झाली होती. रात्री उशाला भिंत लावून बसून झोपायची. थंड खोलीत आले आणि दोन महिन्यांत आडवी झोपायला लागले. त्यामुळं ती खोली माझ्या हातून जाणं म्हणजे काय, ते मलाच ठाऊक.

* * *

मशीन बसलं त्या दिवशीचं.

खोलीचे प्रमुख भूपाल मगदूम साहेब. सांगलीकडचे जैन, बोलायला गोड, पण चूक झाली की आधी माझ्याकडं बघायचे. फिटर जाधव मूळचे साताऱ्याकडचे, पंधरा वर्षं मिलिटरीत काढून आलेले. आणि पुण्याचे इंजिनियर गोखले, मशीन बसवायला आलेले.

नवीन मशीन, म्हणजे नारळ फोडलाच पाहिजे. जाधवांनी पायरीवर फोडायचा सोडून मशीनच्या कोपऱ्यावर फोडला. मिलिटरी हात तो. पत्र्याला पोचा आला, नारळाची दोन शकलं झाली आणि पाणी सरळ बटणांच्या खणात गेलं. गोखल्यांनी बटण दाबलं. फट्‍ झालं आणि अर्ध्या गिरणीची लाईट गेली.

अंधारात मगदूम साहेबांचा आवाज आला, "नारळ कुणी आणला?"

मी आणला होता.

* * *

मग बघायला लोक यायला लागले. आमची गिरणी सहकारी, म्हणजे मालक सगळेच. सभासद सांगलीला बाजाराला आले की वाट वाकडी करून गारवा खायला यायचे. दार सारखं उघडं. हवा बिघडायची, सुताचे आकडे चुकायचे, आणि दार माझ्या ताब्यात म्हणून बोलणी मला.

मी एक युक्ती केली. दारावर खडूनं लिहिलं : चपला बाहेर काढा. म्हटलं, तेवढ्या कंटाळ्यानं तरी निम्मे परत जातील. झालं उलटंच. चपला काढायच्या म्हणजे आत काहीतरी देवाचं आहे, असं धरून बायका हळदकुंकू घेऊन आल्या. मशीनच्या जाळीपुढं झेंडूची फुलं वाहिली. जाळी हवा आत ओढणारी. फुलं उभीच्या उभी चिकटली, पाकळ्या आत गेल्या. शनिवारी फिल्टर काढला तर पिवळा जर्द.

आष्ट्याचे एक म्हातारे सभासद तर तासभर मांडी घालून बसले. उठताना मला म्हणाले, "बाई, तुमी हितं दिसभर बसता?"

म्हटलं, "व्हय."

"आनि वर पगार पन घेता?"

पुढच्या सर्वसाधारण सभेत त्यांनी तोच प्रश्न माइकवर विचारला.

* * *

हे थंडीतलं.

मार्गशीर्षात एका सकाळी गोखल्यांची चिठ्ठी आली, आता हीटर चालू करा. मी मगदूम साहेबांना म्हटलं, "साहेब, उन्हाळाभर आतल्या तारांवर धूळ बसलीया. पहिल्यांदा तापंल तवा जळका वास मारंल. नवा तवा चुलीवर ठेवल्यावर मारतो तसा. घाबरू नगा."

साहेब म्हणाले, "हे मशीन आहे, चूल नाही."

बटण दाबलं. पाच मिनिटांत जळका वास आला आणि झडपेतून धुराची एक बारीक रेघ निघाली. साहेब "आग" म्हणून टेबलावर चढले. का चढले ते त्यांचं त्यांना माहीत. मी ओरडून सांगतेय की धूळ जळतीया, थांबा. पण जाधवांच्या अंगात पलटण शिरलेली. भिंतीवरची लाल बादली उचलली आणि त्यातली सगळी वाळू जाळीवर भिरकावली.

पंखा चालूच होता. त्यानं वाळू गोळा केली आणि झडपेतून खोलीभर परत दिली. सूत, काटे, रजिस्टरं, सगळं वाळूनं भरलं. साहेब टेबलावर उभे, झडपेच्या बरोबर समोर. टकलापासून चष्म्यापर्यंत नुसतं कृष्णाकाठचं वाळवंट दिसत होतं.

खोली झाडायला मला तीन दिवस लागले. चौथ्या दिवशी साहेबांनी विचारलं, धूळ बसेपर्यंत तू काय करत होतीस.

* * *

पण हे सगळं हसण्यावारी गेलं. पुढचं गेलं नाही.

चैत्र लागला आणि मशीन रोज दुपारी बंद पडायला लागलं. साडेबारा ते दीड जेवणाची सुट्टी. सुट्टी संपवून आलं की मशीन गप्प. जाधव लाल बटण दाबायचे, पुन्हा चालू. तिसऱ्या प्रहरी कुरकुर नाही, सकाळी नाही. फक्त जेवणाच्या वेळेत. त्या तासात सुताचे आकडे हलायचे. इचलकरंजीच्या मागवाल्यांनी एक अख्खा लॉट परत पाठवला.

मगदूम साहेबांनी शोध लावला : तानूबाईला गारठा सोसत नाही, जेवायला जाताना तीच बंद करते. मला पहिला मेमो मिळाला. इंग्रजीत. मी चौथी पास, मला तो जाधवांनी वाचून दाखवला आणि वाचताना त्यांचीच मान खाली गेली.

मला गारठा सोसत नाही? त्या गारठ्यानं मला माणसात आणलेलं.

मी मग लक्ष ठेवलं. भिंतीमागं कूलिंग टॉवर होता. मशीनचं तापलेलं पाणी तिथं लाकडी फळ्यांवरून खाली पडून निवतं, गुडघाभर उंचीच्या हौदात साठतं आणि पंपानं परत मशीनला जातं. एक दिवस सुट्टीनंतर लगेच तिकडं गेले तर हौद तळाला आणि भोवतीची फरशी ओली. मी जाधवांना बोलावलं. ते हातातलं काम उरकून तासाभरानं आले. तोवर नळानं हौद भरला होता, आणि चैताच्या उन्हात फरशी खडखडीत.

तरी मी साहेबांना सांगितलं. पाणी कमी पडतंय, दोष खोलीत नाही, मागं आहे. साहेबांनी ऐकून घेतलं आणि विचारलं, "तू डबा कुठं धुतेस?"

म्हटलं, "मागच्या नळावर."

"म्हणजे पाणी तूच काढतेस."

दुसरा मेमो. आणि तोंडी निरोप, की तिसरा झाला तर परत पिंजायच्या खात्यात. त्या रात्री मी आडवी झाले, पण डोळा लागला नाही.

* * *

पुण्याहून गोखल्यांना बोलावणं गेलं. त्यांनी मशीन उघडलं, घड्याळासारखे दोन काटे जोडले, तेल बघितलं, पट्टा ताणला. मशीन ठणठणीत. म्हणाले, हौदातलं पाणी संपलं की आतला दाब वाढतो आणि मशीन जीव वाचवायला आपोआप बंद होतं, दुसरं कारण दिसत नाही. मी साहेबांकडं बघितलं. साहेब म्हणाले, तेच तर, पाणी ही काढते.

साडेबारा वाजले. साहेब जेवायला घरी गेले. गिरणीच्या मागंच त्यांचा क्वार्टर. मी डबा घेतला आणि जाधवांचा दंड धरला. गोखल्यांना म्हटलं, "आवं साहेब, आज माझ्याबरोबर जेवा. पन माझ्या जागंवर."

आम्ही तिघं मागं, हौदासमोरच्या कापसाच्या गाठींच्या थप्पीआड जाऊन बसलो. गोखल्यांना मी भाकरीवर ठेचा दिला. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं, ते ठेच्याचं. मशीन पलीकडं घरघरत होतं.

पाऊण वाजता घुंगरू वाजलं.

आधी शिंगं आली, मग म्हैस आली. मागून मगदूम साहेब, बनियनवर, खांद्याला पंचा, हातात सोडलेलं दावं. त्यांच्या घरची मुऱ्हा म्हैस. सगळ्या ऑफिसात तिच्या दुधाचं कौतुक. ती सवयीनं हौदापाशी गेली आणि तोंड घातलं. पाणी खाली उतरताना दिसायला लागलं. पोटभर प्याली, मग पुढचे दोन पाय हौदात टाकले, मग मागचे. आणि बसली. उरलेलं पाणी चारी बाजूंनी फरशीवर. वरून टॉवरची गार धार तिच्या पाठीवर पडायला लागली. साहेब पंच्यानं तिची पाठ चोळत होते आणि म्हणत होते, "बस बाई चंद्रे, बस. लय ऊन हाय. हे पाणी नाहीतरी वायाच पडतंय."

एक वाजायच्या सुमाराला चंद्री उठली. हौदात तळ दिसला. पंप खरखरला. आत मशीन एकदा कण्हलं आणि बंद झालं.

गोखल्यांच्या हातात घास तसाच.

जाधव उभे राहिले, टाचा जुळवल्या आणि म्हणाले, "राम राम, साहेब."

* * *

दुपारी रजिस्टर निघालं. पुण्याच्या कंपनीला लेखी हवं होतं, मशीनमध्ये खोट नव्हती म्हणून. गोखल्यांनी कारण लिहिलं, वेळ लिहिली, सही केली. खाली एक रकाना राहिला : जबाबदार कोण, पूर्ण नाव. तो भरल्याशिवाय कागद पुण्याला जाणार नव्हता.

मगदूम साहेबांनी आंघोळ करून शर्ट बदलला होता. ते खिडकीतून बाहेर बघत होते. मग म्हणाले, मी काही पाणी प्यालो नाही. मुकं जनावर ते, त्याला काय कळतं, त्याचा दोष म्हणून लिहून टाका आणि विषय मिटवा. तानूबाईचे दोन्ही मेमो मी फाडतो.

"माझ्यासमोर फाडा," मी म्हटलं.

फाडले. चार तुकडे झाले, ते मी मोजून घेतले.

जाधव पेन घेऊन अडून बसले. "साहेब, जनावराचं लिहितो. पन हितं पूरं नाव मागतंय."

गोखले छताकडं बघत होते. साहेब म्हणाले, काय ते तुम्हीच बघा, आणि पाठ फिरवली.

मी जाधवांच्या हातातून पेन घेतलं. चौथीत माझं अक्षर वर्गात पहिलं होतं. सावकाश, रेघेवर, काना-मात्रा न चुकता लिहिलं :

चंद्री भूपाल मगदूम.