काळूचा जुना प्लग

सहादू सातपूरच्या एका कारखान्यात सव्वीस वर्षं तयार माल तपासत आला होता. ढिलं काम दिसलं की त्याच्या तळपायाची आग मस्तकात जायची. घरातला नळ असो की शेजाऱ्याच्या स्कूटरचा आरसा, हलवून बघितल्याशिवाय त्याला चैन पडत नसे. अशा माणसानं काळू आणि महेश या मित्रांबरोबर समुद्रात मासे धरायला जाऊच नये. पण नड त्याची होती.

संध्याला, त्याच्या बायकोला, दोन महिन्यांपूर्वी ताप आला. ताप उतरला, पण जाताना तोंडाची चव घेऊन गेला. काहीही करून घाला, "माती खाल्ल्यासारखं लागतंय" म्हणून दोन घासांत ती ताट सारायची. ब्लाउज खांद्यावरून ओघळायला लागले होते. माहेर तिचं डहाणूचं. एकदा पडल्या पडल्या म्हणाली, "खडकातला ताजा गोब्रा मासा मिळाला तर खाईन कदाचित. बाजारातला चार दिवसांचा नको हं." सहादूनं ते बोलणं मनात धरून ठेवलं.

त्यानं पंधरा दिवस खपून ओळखीच्या लेथवर दोरीला बांधायची आठ वजनं कातली. जाड तंगूस, म्हणजे मासेमारीची नायलॉन दोरी, आणून गळ आणि वजन एकाच दोरीत पक्कं ओवलं. प्रत्येक गाठीला पाण्यानं भरलेली बादली टांगून बघितली. एकही गाठ सुटली नाही.

आणि काळू! त्याचं गॅरेज, त्यामुळे वजनं म्हणून गाड्यांतून काढलेले जुने स्पार्क प्लग पिशवीत भरून आणले होते. तेही शिवणाच्या दोऱ्यानं गळाच्या दोरीला लोंबकळत बांधलेले.

"फुंकर मारली तरी तुटेल हा दोरा," सहादू होडीत चढतानाच करवादला.

"तुटू दे की. लय ताण घेऊ नको," काळू म्हणाला.

महेश निफाडचा द्राक्षवाला. वाटेत त्यानं झणझणीत मिसळ दोनदा मागवून खाल्ली होती. बंदर सुटून अर्धा तास झाला नाही, तोच ती त्यानं समुद्राला परत केली. मध्येच फोन करून बागेतल्या फवारणीबद्दल गड्याला ओरडत होता, मग पुन्हा कठड्याला लोंबत होता. "मागं फिरू या का रे?" असं त्यानं चारदा विचारलं. चारही वेळा सहादूनं नुसते दात खाल्ले.

होडी चालवणाऱ्या तांडेलानं पाण्याखालच्या खडकावर होडी थांबवली. "पाणी थांबलंय तो तासभर काय ते मिळेल. नंतर ओहोटीची ओढ लागली, की संपलं."

सहादूनं कोळंबी लावून गळ सोडला. वजन तळाला गेलं आणि कपारीत अडकलं. ओढलं, हललं नाही. आणखी ओढलं, हाताला वळ उठले. शेवटी दोरी वरच तुटली आणि गळ, वजन, कोळंबी सगळं तळाशी राहिलं. दुसऱ्या वेळी तेच. चौथ्या वेळी मासा लागला, चांगला जड होता, पण वजन कपारीत रुतलं आणि तो तिथंच धडपडून सुटून गेला. अर्ध्या तासात सहादूची सात वजनं गेली. आपल्याच गाठींचा त्याला एवढा राग कधी आला नव्हता.

काळूचाही प्लग अडकत होता. पण तो नुसता हिसका द्यायचा, शिवणाचा दोरा तटकन तुटायचा आणि गळ मोकळा वर यायचा. दोन शिंगाळे मासे त्याच्या बादलीत पडलेही होते.

"प्लग गेला तरी चालंल, मासा नाय गेला पायजे," काळू नवा प्लग बांधत म्हणाला. "मागच्या खेपेला ह्या तांडेलानंच शिकवलंय."

सहादू तांडेलावर उखडला. "मग मला का नाही सांगितलं?"

"तुम्ही सांगू दिलंत कुठं दादा? चढल्यापासून तुम्हीच सांगताय."

महेश उलट्यांतूनही हसला. होडीखालचं पाणी आता सरकायला लागलं होतं. सहादूनं काळूपुढं हात केला. "दे एक प्लग. आणि तो दोरा."

अडला हरी! ती गाठ बांधताना त्याचा जीव नुसता कासावीस झाला. पण तळाशी दणका बसला, दोरी जड झाली, अडकली, त्यानं हिसका दिला आणि दोरा वेळेवर तुटला. दीड किलोचा ठिपकेदार गोब्रा शेपटी आपटत वर आला. सहादू एवढ्या मोठ्यानं ओरडला, की महेश दचकून उठून बसला.

मासा बर्फाच्या डब्यात घालून संध्याकाळी तो घरी पोहोचला. कालवण त्यानं स्वतः केलं, मीठ-मसाला चमच्यानं मोजून. संध्यानं भातावर कालवून एक घास घेतला, मग दुसरा. तिच्या कपाळाला आठी पडली.

"अहो, मीठ जास्त झालंय."

दिवसभराची चिडचिड उसळून वर आली. "जास्त कसं होईल? सपाट दोन चमचे मोजून घातलेत मी! दोन म्हणजे..."

आणि तो थांबला. संध्याचाही हात ताटातच थांबला होता. तिनं बोट चाटून पुन्हा बघितलं.

सव्वीस वर्षं लोकांचा माल नापास करणाऱ्या सहादूला स्वतःचा माल नापास झाल्याचा एवढा आनंद कधी झाला नव्हता. त्याचे डोळे भरून आले.

"चिंचही कमी आहे," संध्या म्हणाली आणि भातासाठी ताट पुढं केलं.